पेलाभर पेजेचा हिशेब

जून महिन्यात शाळा सुरू झाली की आठवीत नव्याने दाखल झालेल्या मुलांना आम्ही प्रार्थनेसाठी उंचीप्रमाणे उभे करतो. बुटकी मुले पुढे, उंच मुले मागे. तीसएक वर्षे ही रांग मी पाहत आलो आहे. रांगेत अगदी पुढे उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची नावे सहामाहीच्या निकालपत्रकात तळाशी असतात, ही गोष्ट मात्र फार उशिरा माझ्या ध्यानात आली. नेहमीच असे घडते असे नाही. रांगेत पहिली उभी राहणारी मुलगी वर्गातही पहिली आलेली मी पाहिली आहे. पण अशी उदाहरणे थोडी. आणि ध्यानात आले तेव्हाही मी त्याचा अर्थ 'आळस', 'घरच्यांचे लक्ष नाही' असाच लावला. पालकसभेत शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या काही बापांना त्यावरून चार शब्द सुनावले. आज त्याची खंत वाटते.

माझी चूक मला ज्या संशोधनाने दाखवून दिली ते आपल्याकडचे नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेला ग्वाटेमाला नावाचा एक छोटा देश आहे. आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश. आपल्याला जशी ज्वारी, तसा त्यांना मका. तेथील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या आठ वर्षांत लहान मुलांना आणि गरोदर बायांना रोज पेलाभर पेय देण्यात आले. त्या पेल्याचा जमाखर्च मांडण्याचे काम मात्र पुढे चाळीस वर्षे चालले. प्रथम आहारशास्त्रज्ञांनी, मग मानसशास्त्रज्ञांनी आणि शेवटी अर्थशास्त्रज्ञांनी तो मांडला. माता आणि बालके यांच्या आरोग्यावर गरीब देशांनी केलेला खर्च हा धर्मादाय की गुंतवणूक, या प्रश्नाचे इतके लांबवर पाहिलेले उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडते. म्हणून ती हकिकत थोडी सविस्तर सांगतो.

सुरुवात आफ्रिकेतून करावी लागते. १९३३ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी लहान मुलांच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर सूज, केस विरळ व तांबूस, कातडीचे पोपडे निघालेले, मूल किरकिरे आणि मलूल. तेथील गा भाषेत या आजाराला 'क्वाशिओरकोर' म्हणत. धाकटे भावंड जन्मले की थोरल्याचे अंगावरचे दूध सुटते आणि त्याला हा आजार जडतो, असा त्या शब्दामागचा अनुभव होता. दूध सुटलेल्या मुलाच्या वाट्याला नुसती पिठाची लापशी येत असे. तेव्हा उणीव प्रथिनांची असावी, असे अनुमान निघाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या आहारशास्त्रावर प्रथिनांचेच राज्य सुरू झाले.

१९४९ मध्ये ग्वाटेमालाच्या राजधानीत मध्य अमेरिकेतील देश आणि पनामा यांच्यासाठी एक पोषणसंस्था निघाली. 'इन्काप' हे तिचे संक्षिप्त नाव. नेव्हिन स्क्रिमशॉ हे अमेरिकन शास्त्रज्ञ तिचे पहिले संचालक. बालकांना स्वस्तात प्रथिने कशी मिळतील हा त्यांचा ध्यास होता. गाईचे दूध गरिबाला परवडत नाही. मग परवडेल असे काय? रिकार्दो ब्रेसानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मका आणि सरकीचे पीठ यांचे एक मिश्रण तयार केले. होय, सरकीच, आपल्याकडे दुभत्या म्हशीपुढे ठेवतात ती. तिच्यातील अपायकारक अंश काढून माणसाला पचेल असे पीठ त्यांनी बनवले आणि त्याला 'इन्कापारिना' असे नाव दिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तर 'येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा'चा इशारा देणारा अहवालच काढला. प्रथिने कमी पडली तर मुलाचा मेंदूही कायमचा दुबळा राहतो काय, हा त्या काळचा सर्वांत मोठा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी इन्कापने खेडी निवडायला घेतली. सुमारे तीनशे वस्त्या पाहिल्या. गाव आटोपशीर हवे, म्हणजे सगळ्यांना केंद्रावर चालत येता येईल. भाषा, आहार, शाळा, लोकांची स्थिती ही जोडीतील दोन्ही गावांत सारखी हवीत. शेवटी राजधानीच्या ईशान्येकडील कोरड्या, डोंगराळ प्रदेशातल्या एल प्रोग्रेसो प्रांतात चार गावे ठरली. 'प्रोग्रेसो' म्हणजे प्रगती. नाव तेवढे प्रगतीचे, बाकी पावसावरची शेती आणि दारिद्र्य. दोन गावे प्रत्येकी सुमारे नऊशे वस्तीची : कोनाकास्ते आणि सांतो दोमिंगो. दोन सुमारे पाचशेची : सान हुआन आणि एस्पिरितू सांतो. प्रत्येक जोडीतल्या कोणत्या गावाला कोणते पेय द्यायचे हे चिठ्ठी टाकावी तसे, निव्वळ योगायोगावर ठरवले गेले.

पेये दोन होती. कोनाकास्ते आणि सान हुआन येथे 'आतोले'. मक्याच्या पिठाची गरम पेज तिकडे पूर्वापार पितात, तिचे हे नाव; आपल्या आंबिलीची लांबची बहीणच म्हणा ना. संस्थेच्या आतोलेत इन्कापारिना, साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि साखर असे. १८० मिलिलिटरच्या एका पेल्यात १६३ उष्मांक आणि साडेअकरा ग्रॅम प्रथिने. दुसऱ्या दोन गावांत 'फ्रेस्को', म्हणजे थंड गोड सरबत. त्यात प्रथिने अजिबात नाहीत आणि उष्मांक ५९. जीवनसत्त्वे व क्षार पुढे १९७१ पासून दोहोंत सारखेच घालू लागले. सरबत तरी कशाला द्यायचे, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण असे : रोज केंद्रावर येणे, चार माणसांत बसणे, कोणीतरी मुलाची विचारपूस करणे यांचाही मुलाच्या वाढीवर परिणाम होतो. तो चारही गावांत सारखा राहावा, आणि फरक पडलाच तर तो पेल्यातल्या पदार्थामुळेच पडला असे म्हणता यावे. औषधोपचाराची मोफत सोयही चारही गावांत केली होती.

सकाळी एकदा आणि दुपारी एकदा केंद्र उघडे. गावातल्या कोणीही यावे आणि हवे तितके प्यावे. मात्र सात वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांनी किती प्याले याची रोजच्या रोज मोजून नोंद होई. मुलांची उंची, वजन, आजारपण, पुढे बोलणे, आठवण, आकलन, सारे वहीत उतरत होते. देशात यादवी चालू होती. १९६० मध्ये पेटलेली ती आग १९९६ पर्यंत विझली नाही. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे भूकंप झाला आणि देशभरात सुमारे तेवीस हजार माणसे दगावली. एवढे होऊनही केंद्रे चालू राहिली. १९७७ मध्ये काम थांबले तेव्हा २३९२ मुलांच्या नोंदी जमा झाल्या होत्या.

पहिली उत्तरे मोठी विलक्षण निघाली. प्रश्न प्रथिनांचा होता; पण गरोदर स्त्रियांच्या बाबतीत असे दिसले की, बाळाचे जन्मवजन वाढण्यासाठी आईच्या पोटात जादा उष्मांक गेले पाहिजेत; ते आतोलेतून गेले की सरबतातून, याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे आईला कमी पडत होते ते निव्वळ पोटभर अन्न. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिनांच्या या साऱ्या खटाटोपाला महान फजितीच ठरवले.

येथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी अनेक वर्षे सांभाळली. १९७० च्या सुमारास त्यांनी भारतीय आहाराचे आकडे तपासून दाखवले की, जो पोटभर भाकरी आणि डाळ खातो त्याला प्रथिने बहुधा पुरतातच. प्रथिनांची म्हणून जी तूट दिसते ती खरे तर अन्नाचीच तूट असते. ग्वाटेमालातल्या गरोदर बायांनी त्याच सुमारास जणू त्याला दुजोराच दिला.

परंतु सुखात्मे तेथेच थांबले नाहीत. पुण्याला परतल्यावर त्यांनी असे मांडले की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि एका मर्यादेत शरीर थोड्या अन्नाशीही जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे धरणे चूक आहे. त्याच पुण्यात गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते. त्यांनी व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोजच्या २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा आखली होती. साहजिकच दोघांत मोठा वाद झडला. १९८२ मध्ये सुखात्मे यांनी संपादित केलेला पोषणविषयक ग्रंथ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने काढला. त्यात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'लहान पण निरोगी' ही कल्पना मांडली. सौम्य कुपोषणाने मूल फक्त आकाराने लहान राहते; त्याचे बाकी काही बिघडत नाही, असा तिचा अर्थ. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी तिला कडाडून विरोध केला.

धारवाडला एम.ए. करीत असताना हा वाद मी परीक्षेपुरता वाचला होता. खरे सांगायचे तर सेकलर यांचे म्हणणे मला पटले होते. आमच्या घरातली सगळीच माणसे बेताच्या उंचीची आणि सगळीच कामाला वाघ. मनात आले, आमचे काय बिघडले? आज कळते की, प्रश्नच मी चुकीच्या माणसांना विचारत होतो. जी मुले जगली, शिकली आणि विद्यापीठापर्यंत पोचली, त्यांच्याकडे पाहून मी निकाल देत होतो. जी रांगेतून मध्येच गळाली त्यांना विचारायला मी गेलो नव्हतो.

सुखात्म्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगतो. गरिबाला उपाशी ठेवा असे त्यांनी कधीच म्हटले नाही. उलट शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांच्याकडे दुर्लक्ष करून नुसते अन्न वाटल्याने काम होणार नाही, खाल्लेले हगवणीत वाहून जाते, हा त्यांचा आग्रह पुढच्या काळातही मोलाचा ठरला. प्रश्न एवढाच होता की, 'लहान' राहिलेल्या मुलाचे खरोखरच काही बिघडत नाही काय? याचे उत्तर वादाने मिळणारे नव्हते. मुले मोठी होईपर्यंत थांबायला हवे होते.

ग्वाटेमालात तसे थांबलेले लोक होते. रेनाल्दो मार्टोरेल आणि त्यांचे सहकारी जुन्या वह्या घेऊन १९८८-८९ मध्ये त्याच चार गावांत परतले. पेला पिणारी मुले आता अकरा ते सत्तावीस वर्षांची झाली होती. जुन्या मोजमापांतून एक गोष्ट स्वच्छ झाली होती. रोजच्या जादा शंभर उष्मांकांमागे मुलाची उंची पहिल्या वर्षी सुमारे ९ मिलिमीटरने, दुसऱ्या वर्षी ५ ने आणि तिसऱ्या वर्षी ४ मिलिमीटरने अधिक वाढत होती. तीन वर्षांनंतर मात्र काहीच नाही. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षी तोच पेला तेच मूल पीत होते. पण वाढीची खिडकी बंद झालेली होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लहानपणी आतोले मिळालेली मुले वाचन, शब्दसंपत्ती, साधे हिशेब आणि सामान्य ज्ञान यांच्या चाचण्यांत पुढे होती. सरबताच्या गावांत ज्याचे घर गरीब त्याचे गुण कमी, ही जी आपल्या परिचयाची शिडी असते ती तशीच उभी होती. आतोलेच्या गावांत तिच्या पायऱ्या बऱ्याच सपाट झाल्या होत्या. सर्वांत गरीब घरच्या मुलांचा फायदा सर्वांत जास्त होता. हे वाचले तेव्हा माझी प्रार्थनेची रांग माझ्या डोळ्यांपुढे आली.

यानंतर अर्थशास्त्रज्ञ आले. २००२ ते २००४ या काळात जॉन हॉडिनॉट, जेरे बेहरमन, जॉन मालुशियो आदींनी मार्टोरेल यांच्यासह पुन्हा शोध घेतला. २३९२ पैकी २७२ जण वारले होते, १६२ देश सोडून गेले होते, १०३ जणांचा पत्ताच लागला नाही. उरलेल्यांपैकी १४२४ जणांच्या कामाची आणि कमाईची माहिती मिळाली. ते आता पंचवीस ते बेचाळीस वर्षांचे झाले होते. हिशेबाची रीत अशी की, नुसती गावागावांची तुलना करायची नाही, कारण गावे मुळातच वेगळी असू शकतात. एकाच गावात योजना आली तेव्हा कोण तान्हे होते आणि कोणाचे ते वय आधीच उलटले होते किंवा नंतर यायचे होते, हे पाहायचे. आणि आतोलेच्या गावातला हा फरक सरबताच्या गावातल्या फरकाशी ताडायचा.

उत्तर २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जन्मापासून दोन वर्षांपर्यंत आतोले मिळू शकले त्या पुरुषांची ताशी कमाई ०.६७ डॉलरने, म्हणजे सरासरीच्या ४६ टक्क्यांनी अधिक होती. तीन वर्षांनंतर आतोले मिळालेल्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आकडा वाचून मी दोनदा पाहिला. बाळपणी पेज मिळाली की नाही, यावर तीस वर्षांनंतरची मजुरी ठरत होती. 'लहान पण निरोगी' या कल्पनेला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज उरत नाही. मूल लहान राहते तेव्हा उंची हे केवळ बाहेर दिसणारे चिन्ह असते. आत आणखी पुष्कळ काही अर्धवट राहिलेले असते.

पण या हिशेबाचे एक पान रिकामे होते. बायकांच्या मजुरीत काहीच वाढ दिसली नाही. आतोले मुलींनीही प्यायले होते. मुलींचे शालेय शिक्षण त्यामुळे सरासरीने १.२ इयत्तांनी वाढले होते. वाचन आणि बुद्धीच्या चाचण्यांत त्यांची प्रगती पुरुषांइतकीच होती. मग मजुरी का वाढली नाही? त्या गावांत पुष्कळशा बायकांचे काम घरचे, आणि बाहेरचे असले तरी थोड्या मिळकतीचे. वाढलेल्या बुद्धीला जेथे दाम देणारे कोणी नाही, तेथे मजुरीच्या रकान्यात काय दिसणार? कोणी घाईने म्हणेल, मुलींवरचा खर्च वाया गेला. आमच्या भागातही 'मुलीला शिकवून काय करायचे' हे वाक्य मी दाखला न्यायला आलेल्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे.

संशोधकांनी पुढची पिढी मोजली तेव्हा २००९ मध्ये त्या पानावरचा आकडा सापडला. लहानपणी आतोले प्यायलेल्या मुली आता आया झाल्या होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरबताच्या गावांतल्या आयांच्या बाळांपेक्षा सरासरी ११६ ग्रॅमने अधिक होते. त्या मुलांची उंचीही सुमारे १.३ सेंटिमीटरने जास्त भरली. लहानपणी आतोले प्यायलेल्या पुरुषांच्या मुलांत असा फरक आढळला नाही. म्हणजे बापाला मिळालेला पेला बाजारात दिसला, तर आईला मिळालेला पेला पाळण्यात दिसला. मजुरीचा रकाना तेवढाच पाहिला असता, तर निम्मी जमा वहीत चढलीच नसती. माता आणि मूल यांच्या आरोग्याचा खर्च मोजताना किती वर्षे थांबायचे आणि कोणाकोणाला मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. उत्तर पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गावे अवघी चार होती. ४६ टक्के हा आकडा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या देशाला लावता येणार नाही. २०१८ मध्ये आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, गर्भापासून दोन वर्षांपर्यंत आतोले मिळालेल्यांत प्रौढपणी मधुमेह कमी होता, पण लठ्ठपणा अधिक होता. म्हणजे जमेच्या बाजूला एक उणे चिन्हही आहे. आणि सरबताच्या वाट्याला गेलेल्या दोन गावांचा विचार मनातून जात नाही. तेव्हा कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते, हे खरे. पण त्या मुलांनी सरबत पिऊन जगाला जे ज्ञान दिले त्याचे ऋण मोठे आहे.

ते ज्ञान वाया मात्र गेले नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे 'पहिले एक हजार दिवस' हा शब्दप्रयोग २०१० पासून जगभर रूढ झाला, त्यामागे या चार गावांचा मोठा आधार आहे. २०१२ साली कोपनहेगन येथे नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळाला विचारण्यात आले की, जगाच्या कल्याणासाठी थोडा पैसा हाती असेल तर तो आधी कशावर खर्चावा? त्यांनी पहिला क्रमांक लहान मुलांचे कुपोषण कमी करण्याला दिला. त्यामागचे गणितही बऱ्याच अंशी ग्वाटेमालाच्या आकड्यांवर उभे होते.

आपल्याकडेही असा एक प्रयोग झालेला आहे. हैदराबादजवळच्या २९ गावांत १९८७ ते १९९० या काळात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काही गावांतील गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालील मुलांना पूरक अन्न दिले. बाकीच्या गावांत ते तेव्हा पोचलेले नव्हते. २००३ ते २००५ मध्ये ही मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली, तेव्हा अन्न मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटरने उंच भरली आणि पुढे हृदयविकार व मधुमेह होण्याची काही लक्षणेही त्यांच्यात कमी आढळली. दीड सेंटिमीटरही नाही, असे कोणी म्हणेल. ग्वाटेमालाची हकिकत ठाऊक असलेला माणूस तसे म्हणणार नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. म्हणजे एल प्रोग्रेसोतली केंद्रे चालू होती, तेव्हाच आपली अंगणवाडी जन्माला आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि स्तनदा मातांना या आहाराचा हक्क दिला. परंतु अंगणवाडीत चटईवर बसून गरम घास खाते ते तीन वर्षांपुढचे मूल. त्याच्याआधीचे, म्हणजे ज्याच्यासाठी खिडकी उघडी आहे ते, आईच्या कडेवर घरीच असते. त्याच्या वाट्याला शिध्याची पिशवी येते, आणि घरात चार तोंडे असली की ती पिशवी चौघांत वाटली जाते. आईला दोष देण्यात अर्थ नाही. एका मुलाच्या नावाचे पीठ निराळे शिजवून त्यालाच भरवायचे, हे उपाशी घरात कोणाला जमेल?

शाळेचे तर विचारूच नका. आमच्या मुलांना दुपारचे गरम जेवण मिळते. मराठी मुलेसुद्धा त्याला 'बिसिऊट' असेच म्हणतात. त्या जेवणाने मुले शाळेत टिकतात आणि दुपारच्या तासाला पेंगत नाहीत, हे मी रोज पाहतो. ते बंद व्हावे असे कोणी म्हणेल तर मी पहिला विरोध करीन. पण आठवीतल्या त्या पुढच्या रांगेचे जे गेले ते शाळेच्या फाटकाशी येण्याच्या दहा वर्षे आधी गेले आहे. ते बिसिऊटीने भरून येत नाही, आणि पालकसभेतल्या बोलण्याने तर नाहीच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. पाच वर्षांखालील ज्या मुलांची उंची वयाच्या मानाने फार कमी आहे, त्यांचे प्रमाण तीत भारतभर ३५.५ टक्के निघाले. गोव्यात ते २५.८ टक्के आहे. कर्नाटकात ३५.४ आणि महाराष्ट्रात ३५.२. सीमाभागात राहून आपण दोन राज्यांतल्या अनेक फरकांवर वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत, आणि ते बोलणे सोडावे असे मी म्हणणार नाही. पण या एका बाबतीत सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे ०.२ टक्क्याचे अंतर आहे. तीन मुलांमागे एक मूल, दोन्हीकडे.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही एक छोटा बदल केला आहे. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावत नाही, हजेरीपटाप्रमाणे लावतो. आणि पालकसभेला मी आता धाकट्या भावंडांचीही चौकशी करतो. घरात कोणी बाळंतीण आहे काय, बाळ किती महिन्यांचे झाले, अंगणवाडीची पिशवी येते काय, बाळाला त्यातले काय शिजवून घालता? पहिल्या वेळी बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. हेडमास्तरांना हे कशाला हवे, असे त्यांना वाटले असणार. आता त्या आपण होऊन सांगतात. ज्या बाळांची चौकशी मी करतो ती आठवीत येतील तेव्हा मी निवृत्त झालेलो असेन. त्या वर्षीच्या उंचीच्या नोंदी मात्र कोणीतरी मला आणून दाखवाव्यात, एवढी इच्छा आहे.